रिकाम्या खुर्चीसमोर

१

घरच्यांनी दार फोडलं तेव्हा राजेसाब जॉबर खुर्चीत ताठ बसले होते. अंगात ईदचा पांढरा कुर्ता, केस नीट विंचरलेले. समोर टॉवेलच्या गठ्ठ्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, आणि मोबाइलच्या पडद्यावर एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीमागे भिंतीवर झेंडा होता, पण माणूस कुणी नव्हता. म्हातारा पापणी न हलवता त्या खुर्चीकडे बघत होता आणि बायकोनं खांदा धरून हलवलं तरी त्यानं मान वळवली नाही.

हजसाठी जमवलेले पैसे तोवर त्यांच्या खात्यातून गेलेले होते.

मी पूर्व भागातल्या त्या गल्लीत पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, पण भिंती अजून तापलेल्याच होत्या. राजेसाबांच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे; तिथंच ते जॉबर होते, माग जोडून-दुरुस्त करून द्यायचे. उंबरा ओलांडतानाही मागांचा खडखडाट पायात जाणवत होता. मी दिपाली, सोलापूरच्या सायबर पोलिसांत उपनिरीक्षक. माझं काम चोर पकडण्याचं आहे असं लोक समजतात. खरं तर माझा बहुतेक दिवस लुटलेल्या माणसांची तोंडं बघण्यात जातो.

'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत, पैसे मागत नाहीत, घरच्यांना सांगू नका असं म्हणत नाहीत. हे मी शाळांत, मंगल कार्यालयांत, मशिदीच्या पटांगणात घसा फोडून सांगितलंय. माझ्या बापाला, येडूला, असाच फोन आला होता. तो मंद्रूपकडे मेंढरं राखतो. मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरायला लागली म्हणून त्यानं फोन कापला, शहाणपणानं नाही. प्रत्येकाच्या नशिबात वेळेवर मेंढरं कुठून असणार?

"चाचा, काय सांगितलं त्यांनी तुम्हाला?" मी समोर बसून विचारलं.

राजेसाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "मुंबईत माज्या नावाचं पार्सल धरलंय म्हनले. तुमाला अटक हाय. खुर्ची सोडायची न्हाय, घरात कुनाला बोलायचं न्हाय."

"म्हणून आतून कडी लावलीत?"

त्यांनी मान हलवली. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, अजीजांनी, तोंडाला पदर लावला. या माणसानं जन्मात कधी कडी लावली नव्हती. बाहेरून कुणी ठोकलं तर ऐकू येत नाही, म्हणून.

"तुमची तक्रार लिहून घेते," मी म्हटलं.

"न्हाय घ्यायची." आवाज एकदम कडक झाला. "लिवायचंच आसंल तर आसं लिवा, मॅडम. राजेसाबला कुनी फसवलं न्हाय."

मागून त्यांचा मुलगा मुबीन पुढं आला. तिशीचा, डोळे तांबारलेले. "बघितलंत? डोकं ठिकानावर न्हाय त्यांचं. पैसे कुनी पाठवले त्ये मी सांगतो तुमाला," तो म्हणाला. "माज्या बायकोनं."

२

सबा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिची बॅग भरून बाहेरच्या दाराशी ठेवलेली मी येतानाच बघितली होती. ती तिनं भरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कलकोटहून तिचा भाऊ गाडी घेऊन येणार होता. मुबीननं निरोप धाडला होता, बहिणीला घेऊन जा, पोरगी मात्र इथंच राहील. ती पोरगी, बालवाडीतली फिरदोस, आईचा दुपट्टा मुठीत धरून बसली होती. माहेरी पाठवणं म्हणजे परत न आणणं, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"मीच पाठवले, मॅडम," सबा म्हणाली. "बोटं माझीच होती."

"नीट सांग."

"अब्बांचं बँकेचं मीच बघते की. बारावी झालेय ना, म्हणून. सकाळी त्यांनी दार किलकिलं करून मला आत घेतलं. म्हणाले, हजचा पहिला हप्ता भरायचाय, साहेब फोनवर आहेत. पडद्यावर एक माणूस होता. पांढरा शर्ट, टाय, मागं झेंडा. मला सरकारी ऑफिसच वाटलं. मी ॲप उघडलं, तो माणूस कोपऱ्यात एवढासा दिसत होता. हप्ता पाठवला. मला तर आनंद झाला होता, मॅडम. अम्मी-अब्बा हजला जाणार म्हणून."

"आणि बाकीचे?"

तिनं आधी दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुबीनकडे बघितलं. ही गोष्ट तिनं घरात सांगितली असणार आणि कुणी ऐकून घेतली नसणार, हे त्या बघण्यावरून कळत होतं.

"हप्ता गेल्यावर त्या माणसाचा आवाज बंद झाला. माइकवर रेघ आली. तो आमच्याकडं बघतही नव्हता, बाजूला कुणाशी तरी बोलत होता. मी म्हटलं, अब्बा, आवाज बंद केलाय त्यांनी. अब्बा म्हणाले, ऱ्हाऊ दे. ते त्या एवढ्याशा चित्राकडं बघत बसले. मग एकदम म्हणाले, सगळे पाठव."

"सगळे?"

"मी विचारलं, सगळे कशाला? म्हणाले, बेटी, विचारू नको. आणि घरात सांगू नको."

"दार फुटल्यावर आम्हाला फोन कुणी केला?"

"मीच. एकोणीसशे तीसवर, त्या सायबर हेल्पलाइनला. लवकर केला तर पैसे अडवता येतात म्हणतात की." पैसे अडले होते, पण अगदी थोडे. बाकीचे तोवर चार खात्यांतून फुटून गेले होते.

मी तिचं खातं बघायला मागितलं. दर महिन्याला त्यात एक रक्कम येत होती.

"यांचा पगार," ती म्हणाली. "मुबीनचं खातं बंद पडलंय ना, केवायसी राहिलीय म्हणून. गेले काही महिने माझ्याच खात्यात येतो."

हे ऐकून मुबीन दारातून म्हणाला, "विचारा की तिला एकच गोष्ट. आवाज बंद हुता म्हनती. मग 'सगळे पाठव' आसं अब्बांना सांगितलं कुनी? फरिश्त्यानं?"

बोलणं कडू होतं, पण प्रश्न बरोबर होता.

३

राजेसाबांचा मोबाइल मी हातात घेतला आणि पहिल्यांदाच काहीतरी खटकलं. हे चोर आधी साधा फोन करतात. रेकॉर्ड केलेला आवाज, मग कुणीतरी गोड बोलणारा, मग दरडावणारा. माणूस पुरता घाबरला की मगच कॅमेरा. राजेसाबांना मात्र आलेला पहिलाच फोन व्हिडिओचा होता. आधी साधा फोन एकही नाही.

साध्या फोनवर या म्हाताऱ्याला काही कळत नाही, हे कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं. म्हणजे माहिती देणारा माणूस जवळचा होता. हजचे पैसे नुकतेच ठेवीची मुदत संपून खात्यात आलेत हेही त्याला ठाऊक होतं. ते ठाऊक असलेले घरचे, अजीजा सोडल्या तर, दोघं, सबा आणि मुबीन. बाहेरचे दोघं, पिग्मी एजंट भीमाशंकर आणि राजेसाबांचा पुतण्या शाकीर.

भीमाशंकर संध्याकाळी आपणहून आला. रोज गल्लीतून पिग्मी गोळा करणारा, कपाळाला विभूती, खांद्याला चामडी पिशवी. तो थेट राजेसाबांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "चाचा! लई वाईट झालं ओ!"

राजेसाब दचकले आणि त्यांनी मान खाली घातली.

"त्यांना असंच बोलावं लागतंय," भीमाशंकर मला म्हणाला. "कानात बोंबललं की ऐकू येतंय. मी रोज हितं येऊन बोंबलतोय बघा."

मी त्याला चहा पाजून पाठवून दिलं. म्हाताऱ्याच्या कानात ओरडलं की भागतं असं समजणाऱ्यानं चोरांना मोठ्यानं बोला असं सांगितलं असतं. तोंड दाखवा असं नसतं सांगितलं.

शाकीरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. काकांचा मोबाइल त्यानंच विकलेला, सगळं त्यानंच बसवून दिलेलं.

"माज्यावर संशय येनारच," तो मान वर न करता म्हणाला. "दुकानासाठी पैसे मागितले तर चाचानं न्हाय म्हनलं हुतं. एकदा गिऱ्हाइकाला जुनी बॅटरी नवी म्हनून घातली, तर त्यांनी मला सगळ्या बाजारात कानफटात मारली. माज्याकडून ते पानीबी घेत न्हाईत तवापास्नं."

"मग सांग, असल्या धंद्याची माणसं तुझ्या दुकानात येतात का?"

"एक आला हुता. महिने झाले. चांगली कपडे, गोड बोलनं. म्हनला, तुजं खातं फकस्त वापराया दे. पैसे येतील, जातील, तू काय करायचं न्हाय. तुला कमिशन." शाकीरनं नाक मुरडलं. "मी हाकलला त्याला. बॅटरीचं येगळं, मॅडम. दुसऱ्याच्या चोरीचे पैसे आपल्या खात्यातनं जानार आनि बेड्या आपल्याला. येवडं कळतंय मला."

"तेव्हा दुकानात आणखी कोण होतं?"

शाकीरनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"कोन न्हवतं," तो म्हणाला. पण हे उत्तर त्यानं फार लवकर दिलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या घरी गेले. दुपारी गाडी येणार होती. एकदा सबा त्या गाडीत बसली की खरं काय ते कळूनही फारसा उपयोग नव्हता. गल्लीनं निकाल दिला होता. शेजारपाजारच्या बायका तिला बघून आवाज उतरवत होत्या.

मुबीन अंगणात टेम्पो पुसत होता. कारखान्यांतले टॉवेलचे गठ्ठे गोदामात पोचवायचं काम करायचा.

"मी तर टेम्पोवर हुतो. घरात काय चाललंय मला काय म्हाईत?" तो म्हणाला. बोलताना दुखावलेल्या मुलासारखाच वाटत होता. "बापाचं हज गेलं, मॅडम. तुमाला काय कळनार त्ये?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नंबर बघून तो अंगणाच्या टोकाला गेला आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागला. अंगणापलीकडेच कारखाना असल्यामुळं खडखडाट इतका होता, की तो मानेच्या शिरा ताणून बोलत होता तरी मला एक शब्द कळला नाही.

"हल्ली आसंच," माझ्या शेजारी अजीजा म्हणाल्या. तांदूळ निवडत होत्या, पण खडे ताटातच राहत होते. "फोन आला की भिंतीकडं तोंड. मी म्हनलं, बाबा, मागाच्या आवाजात मला तसंबी काय ऐकू येत न्हाय, तू सरळ हुबा राहून बोल की. तर चिडतोय."

"कधीपासून?"

"खातं बंद पडलं ना त्याचं, तवापास्नं."

मी मान हलवली. ऐकलं, पण धरलं नाही. माझं लक्ष सबानं सांगितलेल्या त्या 'सगळे पाठव'मध्ये अडकलं होतं. आवाज बंद, समोरचा माणूस बाजूला वळलेला, आणि म्हातारा म्हणतो सगळे पाठव. यात एकतर सबा खोटं बोलत होती, नाहीतर राजेसाबांचं डोकं फिरलं होतं. तिसरं काही मला दिसत नव्हतं.

"चाचा कुठायत?"

"कारखान्यात. निवृत्त झाले तरी रोज जाऊन बसत्यात. तितं गप्पा मारत्यात."

"अहो, त्यांना ऐकू येत नाही. आणि तिथं एवढा आवाज. तिथं गप्पा कशा मारतात?"

अजीजांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पाणी ओलं कशानं असतं असं विचारलं होतं.

"जाऊन बघा की," त्या म्हणाल्या.

५

कारखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा मी कान झाकले. दोन रांगा माग, मधून चिंचोळी वाट, हवेत कापसाचे बारीक तंतू. राजेसाब एका टोकाला लाकडी स्टुलावर बसले होते. दुसऱ्या टोकाला रेवणप्पा नावाचा त्यांचा जुना सोबती माग चालवत होता. दोघांच्या मध्ये अख्खी शेड होती.

रेवणप्पा मागावर वाकला होता. त्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं, राजेसाबांकडेही नव्हतं, गालाची एक बाजू तेवढी दिसत होती. त्याचे ओठ हलले. आवाज काढला असेल असंही वाटत नाही, काढून उपयोगच नव्हता. शेडच्या या टोकाला राजेसाबांनी मान हलवली आणि ओठांनीच काहीतरी उत्तर दिलं. रेवणप्पानं धागा जोडता जोडता ते बघितलं आणि खेदानं डोकं हलवलं. त्यांचं चांगलं लांबलचक बोलणं चाललं होतं. तिथली बाकीची माणसंही तशीच बोलत होती. त्या गोंगाटात कुणीच कुणाला हाक मारत नव्हतं.

मी तिथंच खांबाला टेकले.

पोलिसात इतकी वर्षं काढली, पण बहिरा म्हणजे ज्याला कळत नाही तो, एवढंच मी धरून बसले होते. मागावर जन्म काढलेल्या या माणसाच्या कानात काही शिरत नव्हतं हे खरं. पण ओठ हलले की ते त्याला दिसत. समोरून दिसत, बाजूनं दिसत, तळहाताएवढ्या पडद्याच्या कोपऱ्यातही दिसत. सबाला आवाज बंद झालेला जाणवला. राजेसाबांसाठी तो चालू कधी नव्हताच. पडद्यावरच्या त्या टायवाल्या चोरानं माइक बंद केला आणि आता आपलं बोलणं कुणाला कळणार नाही अशा भरवशावर शेजारच्याशी बोलला. आणि म्हाताऱ्यानं ते सगळं वाचलं.

'सगळे पाठव' असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. जे वाचलं त्यावरून ते त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

काय वाचलं असेल? मग मला अंगणातली ती भिंत आठवली. ज्या अंगणात कुणालाच काही ऐकू जात नाही तिथं लपूनछपून बोलायची गरज काय? आईपासून लपायची गरज नव्हती, बायकोपासून नव्हती. त्या घरात एकच माणूस असा होता ज्याच्यापासून तोंड लपवावं लागतं. मग बंद पडलेलं खातं आठवलं. केवायसीसाठी खातं महिनोन्‌महिने बंद राहत नाही, ती कागदपत्रं बँकेत नेऊन दिली की काम होतं. चोरीचे पैसे खात्यातून फिरले की मात्र खातं गोठतं आणि गोठलेलंच राहतं. आणि शाकीर. बाजारात थोबाडीत खाल्लेल्या पुतण्यासाठी राजेसाब तोंड मिटून बसणार नव्हते. शाकीर ज्याचं नाव घ्यायला कचरला त्याच्यासाठी बसले असते.

मी वाटेनं चालत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माग धडधडत होते. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "चाचा, पैसे तुम्ही मुबीनसाठी दिलेत ना?"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांचा चेहरा पडला.

६

कारखान्यामागं सुताच्या कांड्यांच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. तिथं सावलीत ते बसले. बोलले ते जमिनीकडे बघून.

"पयल्यांदा मी खरंच भ्यालो. पार्सल म्हनले, जेल म्हनले. एक हप्ता दिऊन सुटतोय का बघावं म्हनलं. पैसे गेले आनि तो मानूस बाजूला बघून बोलाया लागला." त्यांनी कुर्त्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "बोलला, मुबीन को फोन लगाव. उसका बाप थोडा थोडा दे रहा है. आज पूरा नहीं आया तो लडके को उठा लेंगे, हमारा माल उसके खाते में अटका है."

"मुबीनचं नाव स्पष्ट वाचलंत?"

"पोराचं नाव हाय. त्ये मी अंधारातबी वाचीन." ते म्हणाले. "सबाला म्हनलं, सगळे पाठव. मग बसलो खुर्चीसमोर. तो उठून गेला हुता. कवा तरी यील, सांगंल की पोराला सोडला. तेवडं बघायसाटी बसलो. म्हनून म्हनलं तुमाला, मला कुनी फसवलं न्हाय. मी दिले."

मला त्यांच्याविषयी वाईट वाटलं आणि संतापही आला. दोन्ही एकदमच आलं.

"दिलेत ते पैसे तुमचे होते, चाचा. पण सबा काय तुमची होती द्यायला? घरात तिला चोर ठरवलं, बॅग दाराशी आणून ठेवली. तुम्ही बघत बसलात."

"थंड झालं की आनली आसती परत."

"कोण आणणार होतं? मुबीन? त्याला तर ती गेलेलीच हवी आहे. ती घरात असेल तोवर कुणीतरी विचारत राहणार, सगळे पाठव असं कुणी सांगितलं. आणि फिरदोसला काय सांगाल मोठी झाल्यावर?"

त्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढली. बाहेर गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. तो त्यांना ऐकू आला नाही, पण माझं डोकं तिकडं वळलेलं त्यांनी बघितलं.

"आली व्हय गाडी?" त्यांनी विचारलं आणि भिंतीचा आधार घेत उठले.

७

सबाचा भाऊ अंगणात उभा होता, मान खाली घातलेला. सबानं फिरदोसला उराशी धरलं होतं आणि मुबीन पोरीचा हात ओढत होता. अजीजा मध्ये उभ्या राहून कुणाचीच बाजू न घेता रडत होत्या. शाकीर दुकान उघडं टाकून फाटकापाशी येऊन उभा होता.

राजेसाब सरळ मुबीनसमोर गेले.

"तोंड हिकडं कर," ते म्हणाले.

मुबीननं पोरीचा हात सोडला. "अब्बा, तुमी आराम करा. मी बघतो हिचं."

"तोंड हिकडं कर म्हनलं. भिंतीकडं न्हाय. आनि सांग, तुजं खातं कुनाला दिलं हुतंस."

मुबीननं माझ्याकडे बघितलं, मग शाकीरकडे. शाकीरनं नजर खाली घातली, आणि तिथंच मुबीनचं अवसान गेलं. तो पायरीवर मटकन बसला. कमिशन मिळेल म्हणून त्यानं खातं दिलं होतं. त्यात कुणाकुणाचे लुटलेले पैसे आले, बँकेनं खातं गोठवलं आणि आत अडकलेली रक्कम चोर त्याच्याकडे मागायला लागले. तो रोज भिंतीकडे तोंड करून त्यांच्या हातापाया पडत होता. शेवटी त्यांनी विचारलं, घरात कुणाकडे पैसे आहेत.

"मी येवडंच सांगितलं, हजचे हायत," तो म्हणाला. "आनि साध्या फोनवर अब्बांना कळत न्हाय, व्हिडिओ करा. थोडं घाबरवतील, थोडं घेतील आसं म्हनले हुते त्ये. सबाचं नाव मी नंतर… मला काय सुचलंच न्हाय, अब्बा."

आमच्याकडे आला असता तर खातं गोठल्याच्याच दिवशी सुटला असता, निदान बापाला तरी वाचवू शकला असता. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून आता काय होणार होतं?

सबानं दाराशी ठेवलेली बॅग उचलली. भाऊ गाडीचं दार उघडायला वळला, पण ती बॅग घेऊन घरात गेली आणि पाठोपाठ फिरदोस गेली. अजीजा तिच्या मागं जाऊन उंबऱ्यापाशी थांबल्या. आत जायची त्यांची हिंमत झाली नाही. सुनेला तोंड कसं दाखवावं हे त्यांना कळत नव्हतं.

मुबीनला मी पोलिसांच्या गाडीत बसवलं. मागची काच वर होती आणि शेजारचे माग चालूच होते. तो काचेला तोंड लावून काहीतरी बोलत होता, पुन्हा पुन्हा तेच. फाटकात उभ्या असलेल्या बापाकडे बघत होता.

राजेसाबांनी क्षणभर त्याच्या ओठांकडे बघितलं. काय म्हणत होता ते गल्लीत कुणालाच ऐकू आलं नाही, मलाही नाही. ज्याला कळलं असतं त्यानं डोळे मिटून घेतले होते, आणि गाडी वळून जाईपर्यंत ते उघडले नाहीत.